बाळ कोणाजवळ ठेवलं?

यंदाच्या महिला दिनाला गावातल्या कार्यक्रमात आमच्या एका निवृत्त गुरुजींचं भाषण झालं. विषय होता ‘आजची आई’. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, अंगावर पिणारं लेकरू घरी ठेवून बेचाळीस किलोमीटर धावायला मुंबई गाठणं ही शहरातून आलेली हौस आहे. आपल्या बायांना कष्टाचं वावडं नाही, वावरात त्या दिवसभर धावतच असतात, त्यांना वेगळं धावायची गरज काय? आणि समारोप करताना म्हणाले, याच पवनारातून विनोबा पायी निघाले ते भूमिहीनांसाठी. ही धाव कोणासाठी? नाव त्यांनी घेतलं नाही. पण पूर्ण मॅरेथॉन धावलेली आणि घरी दूधपिती मुलगी असलेली बाई त्या मांडवात मी एकटीच होते. माना माझ्याकडे वळल्या.

गुरुजींनी मला बाराखडी शिकवली. त्यांच्या मनात खोट नाही हे मी जाणते. त्यांच्या शब्दाला या गावात वजन आहे, म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग आहे. वजन नसलेल्या माणसाचं बोलणं हवेत विरून जातं. गुरुजींचं बोलणं घराघरांत सासवांच्या तोंडी जाऊन बसतं.

आधी कष्टाची गोष्ट. दिवाळीच्या आसपास आमच्याकडे पऱ्हाटी फुटते. सकाळी ऊन चढायच्या आत बाया वावरात पोचतात, कमरेला ओटी बांधतात आणि तासावर, म्हणजे झाडांच्या ओळीवर, वाकून कापूस वेचायला लागतात. मजुरी किलोवर. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात, संध्याकाळी भाकरी थापताना बोटं चुरचुरतात. तान्हं लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असतं. ते रडलं की थोरली बहीण असेल तर झोका देते. नसेल तर आई तास पुरा होईपर्यंत रडणं ऐकत वेचत राहते, कारण मध्येच उठलं तर वजन कमी भरतं. ही वेचणी मी स्वतः केली आहे. तिथे कोणी मला थांबवून म्हटलं नाही, की बाई, तू ओली बाळंतीण, एवढं वाकू नको. दूध आटेल, असंही कोणी म्हटलं नाही. भरली ओटी गाठोड्यात रिकामी करायची, गाठोडं डोक्यावर घेऊन काट्यापर्यंत चालायचं, यात कोणाला मातृत्वाचं अवमूल्यन दिसलं नाही.

तीच मी पहाटे बूट घालून सेलूच्या रस्त्याला लागले, तर पुलावर भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई विचारते, “पोरगी कोनापाशी ठेवली वं बाई?” पोरगी घरात तिच्या बापाच्या कुशीत झोपलेली असते. झोळीत नसते, उन्हात नसते, उपाशी नसते. वावरात जाणाऱ्या आईच्या लेकरापेक्षा माझं लेकरू त्या घटकेला शतपटीने सुखात असतं. तरी प्रश्न मलाच.

म्हणजे आक्षेप आईच्या दमण्याला नाही. तिच्या लेकरापासून दूर जाण्यालाही नाही. दोन्ही गोष्टी या गावात रोज घडतात आणि त्यावर संसार चालतात. आक्षेप एवढाच, की हे दमणं कोणाच्या कामी येत नाही. त्यातून कापूस निघत नाही, मजुरी येत नाही, स्वयंपाक होत नाही. बाईचं अंग घरासाठी झिजलं तर तो तिचा धर्म, आणि तेच अंग तिने स्वतःच्या आनंदासाठी दमवलं तर तो गुन्हा. गुरुजींच्या भाषणाखाली हे गृहीतक आहे आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

आपण आईच्या पराक्रमाची पूजा करत नाही असं मुळीच नाही. रायगडाखालच्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून काळोखात कडा उतरून गेली, कारण घरी तान्हं बाळ होतं. तिच्या नावाचा बुरूज आहे, एसटीची गाडी आहे, बसस्थानकांवरचे स्तनपानाचे कक्ष तिच्याच नावाने ओळखले जातात. बारामतीच्या लता भगवान करे तर आपल्या काळातल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी उलटलेल्या या मजूर बाईने नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत भाग घेतला आणि ती जिंकली. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाची ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. त्यात त्यांचं काम त्यांनीच केलं आहे. या दोघींपुढे मी मनापासून हात जोडते. पण गुरुजी, नीट बघा: एक लेकरासाठी उतरली, दुसरी नवऱ्यासाठी धावली. स्वतःसाठी धावलेल्या, घरी सगळं ठीक असताना धावलेल्या एका तरी आईचं नाव आपल्या शाळेच्या भिंतीवर आहे का? संकटाशिवाय बाईने धावूच नये, असाच याचा अर्थ मुलींपर्यंत पोचतो.

आता शरीराचा मुद्दा. “दूध आटतं”, “दूध आंबतं”, “अंग बाहेर येतं” ही तीन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की ती वेगवेगळी घेऊनच उत्तर द्यायला हवं.

पण त्याआधी त्यांच्या मुळाशी असलेली जुनी समजूत. बाईला लांब पळवत नाही, ती कोसळते, हे सांगणारे जगात पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांत शिकलेले लोक जास्त होते. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. अंतिम शर्यतीत नऊजणी होत्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं, बाया पटापट कोसळल्या, हे दृश्य बघवत नव्हतं. तेवढ्या बातम्यांवर बायांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० पर्यंत. मॅरेथॉनसाठी तर १९८४ उजाडावं लागलं. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून सुरू होती. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं बायांना बाजूला उभं केलं, ते काळजीच्या नावाखाली. त्या काळजीच्या मुळाशी एकही मोजमाप नव्हतं.

आणि आया? नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियानसेन ऑगस्ट १९८३ मध्ये बाळंत झाली, जानेवारी १९८४ मध्ये ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली आणि पुढच्याच वर्षी लंडनला २ तास २१ मिनिटं ६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. स्कॉटलंडची लिझ मॅकॉल्गन तर माझ्या विषयाच्या अगदी जवळची. नोव्हेंबर १९९० मध्ये तिला मुलगी झाली, वर्ष पुरं होता होता ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली, न्यूयॉर्कला, आणि २ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पहिली आली. ती मुलगी, आयलिश, मोठी होऊन स्वतः ऑलिंपिक धावपटू झाली. आईच्या धावण्याने तिचं काय बिघडलं?

यावर गुरुजी म्हणतील, त्या तिकडच्या, खाऊनपिऊन पोसलेल्या. आपल्या बायांच्या अंगात रक्त आहे कुठे? हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने मॅरेथॉनची तयारी करू नये, आधी ते भरून काढावं, हे मीही माझ्यासोबत धावायला येणाऱ्या पोरींना बजावते. पण या आकड्याचा निष्कर्ष ‘धावू नको’ एवढाच निघतो का? रक्त कमी असलेली तीच बाई निंदायला जाते, पाणी वाहते, धान्याचं पोतं हलवते, तेव्हा तिचा आकडा कोणी काढत नाही. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या आशाताई घरपोच देते, आणि डबी अर्धी भरलेलीच फडताळात पडून असते. दूध पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० उष्मांक जास्त हवेत, असं आपलीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. आमच्या घरांत सगळ्यांची पंगत उठल्यावर ती जेवायला बसते. सव्वा महिना डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, त्यानंतर उरलंसुरलं. रक्तक्षयाचा मुद्दा पंगतीत काढा, तिथे मी गुरुजींच्या बाजूने उभी राहीन.

धावायला लागल्यावर माझ्या ताटाकडे घराचं लक्ष गेलं, हेही सांगते. पन्नास किलोच्या बाईला मॅरेथॉनला दोन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात. उपाशीपोटी ते अंतर कापताच येत नाही. म्हणून माझ्या घरी हरभरा, शेंगदाण्याची चटणी, अंडी आणि अंबाडीची भाजी आता पहिल्या पंगतीला माझ्या ताटात येते.

दूध आटण्याबद्दल: अमेरिकेतल्या स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन स्पष्ट आहे, की व्यायामाने दुधाचं प्रमाण, कस किंवा बाळाची वाढ यांवर वाईट परिणाम होत नाही. ‘आंबणं’ म्हणतात त्याचा उगम एवढाच, की छाती फुटेस्तोवर केलेल्या व्यायामानंतर दुधात लॅक्टिक आम्ल थोडा वेळ वाढलेलं सापडतं. बेताच्या गतीच्या व्यायामात तेही होत नाही. लांबच्या धावेला आपल्यासारख्या बाया बेतानेच धावतात. दूध आटतं ते आईच्या पोटात अन्न-पाणी कमी पडल्याने आणि बाळ कमी वेळा ओढतं तेव्हा.

अडचण होते ती वेगळीच, आणि ती कोणी बोलत नाही. मुंबईला पहाटे तीनला उठून मी सोबत नेलेल्या मुलीला पाजलं आणि निघाले. धावत पेडर रोडच्या चढापर्यंत आले तोवर छाती दगड झाली होती. रस्त्याकडेला कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचं बाळ रडलं आणि माझा पान्हा फुटला. टीशर्ट पुढून ओला, त्यावर घाम, त्यावर मिठाचे चट्टे, आणि काखेजवळ शिवण घासून कातडं सोललेलं. एका पाण्याच्या टेबलामागे ओढणी धरायला दोन अनोळखी मुली उभ्या राहिल्या, मी हाताने दूध पिळून काढलं आणि पुन्हा धावायला लागले. यात लाज वाटावी असं काय आहे? एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष होऊ शकतो, तर हजारो माणसांच्या शर्यतीत सुरुवातीला आणि शेवटाला एक आडोशाचा तंबू का नको? गरोदर राहिलेल्या बाईचं प्रवेशशुल्क बुडू नये, तिची जागा पुढच्या वर्षाला राखून मिळावी, ही सोय लंडन मॅरेथॉनने केली आहे. आपल्याकडच्या प्रत्येक शर्यतीत ती असली पाहिजे.

‘अंग बाहेर येतं’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. बाळंतपणाने ओटीपोटाखालचे स्नायू ताणलेले असतात. खोकल्या-शिंकल्यावर लघवी गळते, खाली जडपणा वाटतो, आणि आमच्याकडे बाया ते ‘असंच असतं’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी मार्गदर्शिका काढली, तिचा सल्ला आहे, बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नये, आधी तपासणी करून घ्यावी, स्नायू बळकट करावे, मग चालणं, मग हळूहळू धावणं. सिझेरियन असेल तर टाका भरण्याचा विचार वेगळा. हे पथ्य मी पाळलं आणि ते मोडायला मी कोणालाच सांगणार नाही. पण मला गुरुजींना हेही विचारायचं आहे, की तीन महिन्यांची ही विश्रांती हंड्याला आणि गाठोड्याला लागू का नाही? बाळंतीण लवकर जड उचलायला लागली की हेच स्नायू मोडतात. आमच्या गावात ज्यांचं अंग बाहेर आलं आहे त्या बायांपैकी एकीनेही आयुष्यात बूट घातलेला नाही.

आता विनोबा. इथे गुरुजींनी माझ्या मर्मावर बोट ठेवलं, कारण धाम नदीच्या काठावर वाढलेल्या कोणालाही विनोबांच्या आश्रमाचं नाव घेऊन गप्प करता येतं. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा इथून चालत निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं, आणि पुढची तेरा वर्षं ते चालतच राहिले. त्या चालण्याशी माझ्या धावण्याची बरोबरी करण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. पण त्याच विनोबांनी १९५९ मध्ये इथे ब्रह्मविद्या मंदिर उभं केलं, ते बायांच्या हाती. शेती, स्वयंपाक, छपाई, निर्णय, सगळं त्यांचं. बाईची साधना तिची स्वतःची असते, तिला कोणा पुरुषाच्या मुक्तीची शेपटी व्हायचं कारण नाही, हा विचार त्यामागे होता. तिथल्या परंपरेतून १९६७ मध्ये चार भगिनी लोकयात्रेला निघाल्या आणि बारा वर्षं देशभर पायी फिरल्या. ज्या गावाने बायांना इतकं लांब चालताना पाहिलं, त्या गावात बाईने किती लांब जावं यावर वाद व्हावा?

गुरुजी म्हणतील, त्या ब्रह्मचारिणी, तू आई. हेच तर माझं म्हणणं आहे. आपल्याकडे बाईसाठी दोनच रस्ते मान्य आहेत: घर पूर्ण सोडायचं, किंवा घरात पूर्ण विरघळायचं. संन्यासिनीला आपण नमस्कार करतो आणि गृहिणीचे गोडवे गातो. पण घरात राहून, लेकराला पाजून, तीन-चार तास स्वतःसाठी काढून पुन्हा घरी येणारी आई या दोन्ही चौकटींत बसत नाही, आणि म्हणून ती खटकते. पुरुषाला हा मधला रस्ता पूर्वीपासून मोकळा आहे. भजनी मंडळ, कबड्डीचे सामने, पारावरचा वेळ, वारी. पंढरपूरला निघालेल्या बापाला पुलावर कोणी विचारत नाही, लेकरू कोणाजवळ ठेवलं. विनोबा १९१६ मध्ये परीक्षेला म्हणून निघाले आणि सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेले, तेव्हा आई घरी होती. जगाने त्यांना जाब विचारला नाही, आणि विचारला नाही हे बरंच झालं. एवढीच मोकळीक मी मागते, तीही एका सकाळपुरती.

‘कोणासाठी’ याचंही उत्तर देते. माझ्यासाठी. बाळंतपणानंतर कितीतरी महिने माझं अंग म्हणजे फक्त दूध, झोपेचा तुकडा आणि धुणं होतं. आरशात दिसणारी बाई ओळखीची वाटायची नाही. पहाटेच्या अंधारात पहिल्यांदा न थांबता पुलापर्यंत जाऊन आले, तेव्हा पाय माझे आहेत हे पुन्हा कळलं. याला समाजसेवेचं लेबल लावून मी ते पवित्र करून घेणार नाही. आईने एखादी गोष्ट केवळ तिला आवडते म्हणून करणं हे जसंच्या तसं योग्य आहे.

जे माझ्या बाजूने बोलतात त्यांच्याशीही मला भांडायचं आहे. “नोकरी, घर, बाळ, सगळं सांभाळून धावली!” असं कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि ते मला टोचलं. सगळं सांभाळून मी धावलेच नाही. तयारीच्या महिन्यांत रविवारचा स्वयंपाक नवऱ्याने केला, मुलीचे लंगोट सासऱ्यांनी धुतले, सासूबाईंनी दुपारी मला झोपू दिलं. सगळं सांभाळून धावणारी आई हा नवा देव्हारा उभा राहिला, तर उद्या प्रत्येक सुनेला घरची सगळी कामं उरकून शिवाय पदकही आणावं लागेल. आणि तीन तास स्वतःची मुलगी सांभाळली म्हणून माझ्या नवऱ्याचा सत्कार करायला निघालेल्यांना मी सांगितलं, की बाप स्वतःच्या लेकराजवळ बसला, यात नारळ देण्यासारखं काही नाही.

गुरुजींच्या भाषणाचा परिणाम झालाही आहे. माझ्यासोबत यायला लागलेल्या एका सुनेला घरून निरोप आला, गुरुजी म्हणाले ना, बंद कर. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे, तिची तब्येत चांगली आहे, डॉक्टरांनी तिला परवानगी दिली आहे. तिला हवे आहेत आठवड्यातले तीन तास.

रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं, तिला तिची मजुरी द्यावी, असं कायदाच सांगतो. मातीकामाला आलेल्या आईचं लेकरू कोणीतरी धरलं पाहिजे हे सरकारला पटलं आहे. स्वतःसाठी निघालेल्या आईबद्दलही ते गावाला पटावं, म्हणून येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे: पुलापासून सेलूच्या रस्त्यावर गावाची हद्द संपेपर्यंत दिवे, त्याच पट्ट्यात बायांसाठी पाण्याची सोय असलेलं शौचालय, आणि रविवारी पहाटे पाच ते आठ लेकरांसाठी एक उघडी खोली, तिथे मजुरी देऊन नेमलेली एक बाई. ज्या आईला धावायचं नसेल तिने त्या वेळात झोपावं, नदीवर बसावं, काहीच करू नये. तिला कोणी कारण विचारू नये. ठरावाला अनुमोदक लागतो. गुरुजी, तुम्ही उभे राहिलात तर तो एकमताने होईल, आणि तुम्ही विरोधात उभे राहिलात तरी मी तो मतदानाला टाकणार आहे.